हातपंपाचे पाणी आणि संगणकाचे उत्तर

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



दूषित भूजलामुळे आरोग्याला होणारा धोका संगणकाच्या साहाय्याने कसा मोजतात, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. वरवर पाहता तो रुग्णालयाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. भूजल हे भूवैज्ञानिकांचे क्षेत्र आणि संगणक अभियंत्यांचे. मग डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी त्यात लक्ष का घालावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मी प्रारंभीच देतो. हा हिशेब करण्यासाठी संगणकाला जी माहिती लागते तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग रुग्णाच्या केस पेपरवर नोंदवता येतो, आणि तो तेथे नोंदवला गेला नाही तर बहुधा कोठेच नोंदवला जात नाही.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरींचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. सोलापूरच्या मजबूत हातपंपाच्या धर्तीवर पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप विकसित झाला आणि देशभरातील खेड्यांत पोहोचला. या पंपांनी केलेले उपकार आपण विसरता कामा नये. उघड्या विहिरींतून आणि बारवांतून पसरणारे रोग त्यांच्यामुळे कमी झाले. एकेकाळी घरोघरी ठाऊक असलेला नारू आज तरुण डॉक्टरांना केवळ पुस्तकात भेटतो. २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले, त्यातही या पंपांचा वाटा आहे.

परंतु खोल खडकातील पाणी जंतूंपासून सुरक्षित असले तरी ते खडकाच्या सहवासात दीर्घकाळ राहिलेले असते. फ्लुओराइडयुक्त खनिजे असलेल्या खडकात, विशेषतः पाणी अल्कधर्मी असून त्यात कॅल्शियम कमी असेल तर, फ्लुओराइड पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. भारतात या रोगाची नोंद १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. आपल्या राज्यात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांना फ्लुओराइडचा प्रश्न परिचित आहे. पश्चिम बंगालमध्ये याच प्रकारे आर्सेनिकने घात केला. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये कूपनलिकेच्या पाण्यातील आर्सेनिकमुळे आजारी पडलेले रुग्ण ओळखले. म्हणजे तेथेही प्रश्नाचा उलगडा त्वचा तपासणाऱ्या डॉक्टरांच्या दालनात झाला, ही गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता कोणी म्हणेल की यासाठी संगणक कशाला हवा? प्रयोगशाळेत पाणी तपासावे आणि मानकाशी ताडून पाहावे. भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यातील फ्लुओराइडची स्वीकारार्ह मर्यादा दर लिटरला १ मिलिग्रॅम ठरविली असून दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत दिली आहे. हे मानक आवश्यक आहे आणि कायद्याच्या कामाला तेच उपयोगी पडते. परंतु मानक हे पाण्याविषयी बोलते आणि धोका माणसाला असतो. तेच पाणी पिणारी दोन माणसे सारख्या धोक्यात असतीलच असे नाही. धोक्याचे मूल्यमापन करणाऱ्या सर्व संगणकीय प्रणाली या साध्या विचारावर उभ्या आहेत.

या विषयातील प्रणाली मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या प्रणाली, उदाहरणार्थ अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची ‘मॉडफ्लो’, जमिनीखालील पाणी कोणत्या दिशेने आणि किती वेगाने वाहील हे सांगतात. एखाद्या कारखान्यातून झिरपलेले प्रदूषण कोणत्या विहिरीपर्यंत केव्हा पोहोचेल हे काढण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. दुसऱ्या प्रकारच्या प्रणाली विहिरीतले पाणी माणसाच्या शरीरात गेल्यावर होणाऱ्या धोक्याचा अंदाज करतात. आज मी या दुसऱ्या प्रकाराविषयीच बोलणार आहे. त्यांची वैचारिक चौकट १९८३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने मांडली. तिच्या चार पायऱ्या आहेत: अपायकारक द्रव्य ओळखणे, किती मात्रेने काय अपाय होतो हे जाणणे, प्रत्यक्षात माणसाच्या शरीरात किती मात्रा जाते हे मोजणे आणि या सर्वांवरून धोक्याचे स्वरूप सांगणे. पुढे १९८९ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने या पायऱ्यांसाठी समीकरणे देणारी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अशा अनेक प्रणालींच्या पोटात आजही तीच समीकरणे आहेत.

ते मूळ समीकरण इतके सोपे आहे की सातवीतला विद्यार्थी ते सोडवील. पाण्यातील द्रव्याचे प्रमाण गुणिले रोज पोटात जाणारे पाणी, भागिले शरीराचे वजन. म्हणजे दर किलो वजनामागे रोज किती मिलिग्रॅम द्रव्य शरीरात गेले ते कळते. ही मात्रा आयुष्यभर घेतली तरी अपाय होणार नाही असे मानल्या गेलेल्या ‘संदर्भ मात्रे’ने भागावी. येणाऱ्या संख्येला आपण ‘धोका-गुणोत्तर’ म्हणू. ते १ पेक्षा कमी असेल तर चिंतेचे कारण थोडे. १ च्या वर गेले तर लक्ष घालण्याची वेळ आली.

एक उदाहरण घेऊ. एका हातपंपाच्या पाण्यात फ्लुओराइड दर लिटरला १.५ मिलिग्रॅम, म्हणजे सवलतीच्या मर्यादेवर नेमके आहे. फ्लुओराइडची संदर्भ मात्रा दर किलोमागे रोज ०.०६ मिलिग्रॅम धरू. साठ किलो वजनाचा, सावलीत बसून काम करणारा आणि रोज दोन लिटर पाणी पिणारा प्रौढ मनुष्य घेतला तर धोका-गुणोत्तर सुमारे ०.८ येते. पंधरा किलो वजनाचे, रोज एक लिटर पाणी पिणारे मूल घेतले तर ते सुमारे १.७ होते. आणि वैशाखात शेतावर राबणारी, पन्नास किलो वजनाची, दिवसभरात पाच लिटर पाणी पिणारी मजूर स्त्री घेतली तर ते २.५ वर जाते. हातपंप एक आणि पाणीही एकच. प्रयोगशाळेचा अहवाल तिघांनाही ‘मर्यादेत’ असे एकच उत्तर देतो. गणित मात्र तिघांना तीन निरनिराळी उत्तरे देते.

येथे संदर्भ मात्रेविषयी थोडे सांगितले पाहिजे. ०.०६ हा आकडा मुलांच्या दातांवरील डागांच्या निरीक्षणांवरून आला आहे. लिटरला १ मिलिग्रॅम फ्लुओराइड असलेले पाणी वीस किलोच्या मुलाने रोज एक लिटर प्यायले तर दर किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होते. अन्नातून येणारे ०.०१ त्यात मिळविले की ०.०६ झाले. तेव्हा मजूर स्त्रीचे २.५ म्हणजे तिच्या दातांवर डाग पडतील असा अर्थ नव्हे. तिचे दात केव्हाच तयार झाले आहेत. तिच्या बाबतीत प्रश्न हाडांचा आहे. शरीरात शोषलेल्या फ्लुओराइडचा मोठा भाग हाडांत साठतो आणि तेथे वर्षानुवर्षे राहतो. म्हणून संगणकाने संख्या दिल्यावर ती कोणत्या अवयवाविषयी बोलते आहे हे विचारणे वैद्यकीय जाणकाराचे काम आहे. पाण्यात फ्लुओराइड आणि नायट्रेट दोन्ही असली की काही जण दोहोंची गुणोत्तरे सरळ मिळवून एक मोठी संख्या जाहीर करतात. फ्लुओराइडचा आघात दातांवर व हाडांवर आणि नायट्रेटचा तान्ह्या बाळाच्या रक्तावर. या दोहोंची बेरीज करून हाती काय लागणार?

गुणोत्तराचा आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गुणोत्तर ४ आले म्हणजे चौपट लोक आजारी पडतील असे नाही, किंवा शंभरात चार जणांना रोग होईल असेही नाही. आपण सुरक्षित रेषेच्या किती पलीकडे उभे आहोत एवढेच ते सांगते. ते निदान नव्हे. निदान रुग्णाला तपासूनच होते. मात्र रुग्ण तयार होण्यापूर्वी कोणत्या वस्तीकडे प्रथम धाव घ्यायची हे ठरविण्यासाठी याच्याइतके उपयुक्त साधन दुसरे नाही.

आता या प्रणालींच्या सर्वांत मोठ्या उणिवेकडे वळू. माहिती भरताना एखादा रकाना रिकामा ठेवला तर प्रणाली स्वतःजवळचा गृहीत आकडा वापरते. हे आकडे बहुधा अमेरिकेतील असतात. पूर्वी तेथे प्रौढाचे वजन ७० किलो आणि रोजचे पाणी २ लिटर धरत. २०१४ पासून ८० किलो आणि २.५ लिटर धरू लागले. वर्षातील ३५० दिवस माणूस घरचे पाणी पितो असेही तेथे गृहीत आहे, कारण उरलेले पंधरा दिवस तो बाहेरगावी जाईल असे मानले जाते. आपल्याकडचा मजूर ८० किलोचा नाही. उन्हाळ्यात तो अडीच लिटरवर भागवत नाही. आणि बाहेरगावी जाण्याचे म्हणाल, तर बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास घर सोडतो तो पुढचे अनेक महिने साखर कारखान्याच्या परिसरात मिळेल ते पाणी पितो. त्याच्या गावच्या विहिरीवरून काढलेला धोका त्याचा अर्धाच धोका असतो. शिवाय घरी शिजणारा भात आणि वरण तेच पाणी शोषून घेतात, आणि चहाच्या पानात स्वतःचे फ्लुओराइड असते ते वेगळेच. हे सर्व परदेशी प्रणालीला ठाऊक असणार नाही. ते तिला सांगावे लागते.

दुसरी उणीव सरासरीची आहे. कल्पना करा की एका गावात चार हातपंप आहेत आणि त्यांतील फ्लुओराइड अनुक्रमे ०.६, ०.८, १.० आणि ३.६ आहे. सरासरी काढली तर बरोबर १.५ येते आणि गाव कागदावर सुरक्षित ठरते. परंतु चौथा हातपंप गावाबाहेरच्या पोडावर किंवा तांड्यावर असेल, तर तेथील पंधरा किलोच्या मुलाचे धोका-गुणोत्तर ४ आहे. गावाची सरासरी कोणीच पीत नाही. प्रत्येक जण आपापल्या पंपाचे पाणी पितो. आणि बहुधा असे दिसते की जी वस्ती मूळ गावापासून दूर, जिच्या पंपाचा नमुना घ्यायला कोणी सहसा जात नाही, तिलाच दुसरा स्रोत नसतो.

सरासरीच्या या दोषावर गणितज्ञांनी जो उपाय शोधला त्याला ‘मॉन्टे कार्लो पद्धत’ म्हणतात. १९४०च्या दशकात स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमन यांनी अणुसंशोधनाच्या निमित्ताने ती विकसित केली आणि जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचे नाव तिला मिळाले. आपल्या कामात ती अशी चालते. वजनांची एक यादी, पाणी पिण्याच्या प्रमाणांची दुसरी आणि निरनिराळ्या पंपांतील फ्लुओराइडच्या मोजमापांची तिसरी, अशा तीन याद्या संगणकाला दिल्या की तो प्रत्येक यादीतून एक चिठ्ठी उचलतो, गुणोत्तर काढतो, चिठ्ठ्या परत टाकतो आणि हेच दहा हजार वेळा करतो. शेवटी एका संख्येऐवजी आपल्याला कळते की या परिसरातील सुमारे किती टक्के मुले रेषेच्या पलीकडे असावीत आणि या निकालावर सर्वांत अधिक परिणाम कोणत्या यादीचा होतो. दहा हजार हा आकडा ऐकून दडपून जाण्याचे कारण नाही. साध्या संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यातही हे काम काही क्षणांत होते. खरा खर्च त्या तीन याद्या प्रामाणिकपणे तयार करण्याचा आहे.

तिसरी सावधगिरी संदर्भ मात्रांच्या तक्त्याविषयी आहे. हे तक्ते बदलत असतात. आर्सेनिकचे उदाहरण बोलके आहे. त्याची संदर्भ मात्रा कित्येक वर्षे दर किलोमागे रोज ०.०००३ मिलिग्रॅम होती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ती ०.००००६ केली, म्हणजे पूर्वीच्या एक पंचमांश. लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आर्सेनिक असलेले पाणी साठ किलोच्या माणसाने रोज दोन लिटर प्यायले तर जुन्या तक्त्याने गुणोत्तर सुमारे १.१ येते आणि नव्या तक्त्याने सुमारे ५.६. पाण्यात काहीच बदल झालेला नाही, बदलले ते आपले ज्ञान. म्हणून कोणत्याही अहवालात संख्येच्या शेजारी ती कोणत्या वर्षीच्या तक्त्यावरून काढली हे लिहिलेच पाहिजे, आणि वाचणाऱ्याने ते पाहिलेच पाहिजे.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. या सर्व हिशेबात रुग्णालयाचे स्थान कोणते?

पाण्यातील फ्लुओराइड प्रयोगशाळा मोजेल. नमुना काचेच्या बाटलीत न घेता प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्यावा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असा दोनदा घ्यावा, एवढे पथ्य सांभाळले तर तो आकडा विश्वासार्ह असतो. परंतु माणूस किती वजनाचा आहे, किती पाणी पितो आणि कोणत्या पंपाचे पितो, हे प्रयोगशाळेला कधीच कळणार नाही. ते तुमच्या बाह्यरुग्ण विभागात कळते. वजनाचा काटा तेथे आहेच. केस पेपरवर आणखी दोन प्रश्नांची जागा करावी: पिण्याचे पाणी कोठून आणता, आणि दिवसाला साधारण किती तांबे पिता? घरातील तांब्यात किती पाणी मावते हे एकदा मोजून ठेवले की लिटरचा हिशेब आपोआप होतो. याला पैसा लागत नाही; विचारणाऱ्या परिचारिकेचे एक मिनिट लागते. वर्षभरात या नोंदींतून जी यादी तयार होईल ती कोणत्याही विकत मिळणाऱ्या प्रणालीतील गृहीत आकड्यांपेक्षा अधिक खरी असेल, कारण ती आपल्या माणसांची असेल.

या नोंदींचा दुसरा उपयोग उपचाराचा आहे. अस्थि-फ्लुओरोसिसचा रुग्ण प्रथम सांधे आखडल्याची, पाठ वाकत नसल्याची तक्रार घेऊन येतो. त्याला संधिवात समजून वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात आणि तो घरी जाऊन तेच पाणी पीत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पाण्यात लिटरला ३ ते ६ मिलिग्रॅम फ्लुओराइड असताना हाडांवरील परिणाम दिसू शकतात, आणि पंगू करणारी अवस्था बहुधा १० मिलिग्रॅमच्या पुढे येते. शरीर एकदा आखडल्यावर ते पूर्ववत करणारे औषध नाही. आहारात कॅल्शियम कमी असेल तर हानी वाढते. आंध्र प्रदेशातील फ्लुओराइडग्रस्त गावांत गुडघे आत वळलेल्या तरुणांविषयी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७३ मध्येच लिहिले होते. पाण्याचा स्रोत केस पेपरवर असेल तर तपासणाऱ्या डॉक्टरांना लघवीतील फ्लुओराइडची चाचणी सुचेल, आणि एका रुग्णावरून त्या पंपावरील सर्व घरांचा शोध घेता येईल.

धोका मोजून झाल्यावर काय करायचे, हे सांगितल्याशिवाय हे व्याख्यान अपुरे राहील. सर्वांत पहिली गोष्ट म्हणजे पाणी उकळून हा धोका टळत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लुओराइड आणि नायट्रेट पाणी आटते तसे अधिक दाट होतात. हे घराघरांत सांगितले पाहिजे. दुसरी गोष्ट, घरातील सर्व पाणी बदलण्याची गरज नसते. केवळ पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी बदलले तरी पुरते. जवळच्या उथळ विहिरीत फ्लुओराइड कमी असण्याची शक्यता असते. तेथील जंतूंचा बंदोबस्त क्लोरिनने करता येतो. छपरावरील पावसाचे पाणी साठविता येते. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेली, तुरटी आणि चुना वापरणारी नालगोंडा पद्धत उपलब्ध आहे. मात्र ती रोज नेमाने चालविणारा माणूस हवा, नाहीतर टाक्या तशाच पडून राहतात. बंगालमध्ये आणि बांगलादेशात आर्सेनिकयुक्त नलिकांना लाल आणि सुरक्षित नलिकांना हिरवा रंग देण्यात आला. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या माणसालाही निवड करता आली. शासकीय पातळीवर फ्लुओरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आणि नळाने पाणी देण्याचे जलजीवन मिशन २०१९ पासून सुरू झाले. कोणत्या वस्तीला प्रथम पाणी द्यायचे हे ठरविताना आपल्या नोंदी हाती असतील तर ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत त्या पुराव्याचे काम करतील.

शेवटी एका धोक्याची सूचना देतो. संगणकावरून काढलेल्या संख्येभोवती एक प्रकारचे वलय असते. त्यामुळे काम पुढे ढकलण्यासाठीही तिचा वापर होतो. अधिक माहिती गोळा करू, अधिक अचूक प्रणाली आणू, मग पाहू, असे म्हणण्यात वर्षे निघून जातात. मुलाच्या कायमच्या दातांचा थर जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत घडतो आणि तो पुन्हा घडत नाही. ज्या पंपाचे पाणी ३.६ आहे त्याच्यासाठी दहा हजार चिठ्ठ्या उचलण्याची गरज नाही. तो पंप पिण्यासाठी आजच बंद व्हावा आणि त्याच दिवशी दुसरे पाणी मिळावे. गणिताचा उपयोग जेथे उत्तर उघड नाही तेथे करावा. १.२ की १.५ अशा काठावरच्या पंपांमध्ये, मर्यादित पैशात, कोणत्या वस्तीकडे आधी जावे हे ठरविताना ते खरे मदतीला येते.

विश्वस्तांनी येत्या वर्षी केस पेपरवर त्या दोन ओळींसाठी जागा करावी, एवढीच विनंती मी या व्यासपीठावरून करतो.